सही करण्याआधी आपला सात-बारा बघा: ओपन सोर्समध्ये पहिला पॅच देणाऱ्यांसाठी

ओपन सोर्स प्रकल्पाला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे अशाला, पहिली पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या, अशी विनंती) टाकली की मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, आधी बॉट येतो. लाल फुली दाखवतो आणि म्हणतो, तुमची सीएलएवर, म्हणजे योगदानाच्या करारावर, सही नाही, इथे जा. तिथे नाव, ईमेल, पत्ता आणि ‘मान्य आहे’चं बटण. मोबाइलवर ॲप टाकताना दाबतो तसंच आपण तेही दाबतो. फुली हिरवी होते आणि विषय डोक्यातून जातो.

मीही तसंच केलं होतं. रात्री साडेअकराला, ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ऑफिसच्या ईमेलने. दुरुस्ती होती मोजून तीन ओळींची. नोकरी सोडताना एक फॉर्म भरायचा होता, त्यात प्रश्न: ‘कंपनीच्या मालकीचं काही बाहेर दिलं आहे का?’ मी प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिलं आणि लीगलवाल्यांनी फाइल उघडली. त्या तीन ओळींपायी माझं रिलीव्हिंग लेटर तीन आठवडे अडकलं. चूक माझीच होती. सीएलएत स्पष्ट लिहिलं होतं की हे देण्याचा हक्क मला आहे असं मी सांगतो आहे, आणि तो आहे का, हे मी तपासलंच नव्हतं.

म्हणून या लेखाचा क्रम जरा उलटा आहे. प्रकल्पाचा करार शेवटी वाचायचा, स्वतःचं ऑफर लेटर आधी. मी वकील नाही. मोठं काही अडलं तर वकील गाठावाच लागेल. पण पहिल्या पॅचपुरतं, म्हणजे पहिल्या छोट्या दुरुस्तीपुरतं, एवढं पुरतं.

कागद कोणता आहे ते ओळखा

कोडला हात लावण्याआधी रेपोच्या (प्रकल्पाचा कोड ठेवलेल्या जागेच्या) मुळाशी दोन फाइली शोधा, ‘लायसन्स’ आणि ‘कॉन्ट्रिब्युटिंग’. दुसरीत कुठला कागद लागतो ते लिहिलेलं असतं. जमिनीच्या भाषेत सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही.

सीएलए, म्हणजे कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट, ही वहिवाट. रान तुमचंच राहतं, सात-बारावर नाव तुमचंच राहतं, पण प्रकल्पाला त्यातून जायचा कायमचा हक्क मिळतो. तुम्ही तोच कोड दुसऱ्या कोणालाही देऊ शकता, विकू शकता, स्वतःच्या बंद प्रॉडक्टमध्ये वापरू शकता. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, पायथॉन आणि कुबर्नेटिस यांच्याकडे वेगवेगळ्या मसुद्यात हाच प्रकार आहे.

कॉपीराइट असाइनमेंट म्हणजे खरेदीखत. मालकीच बदलते. याचं सर्वांत जुनं ठिकाण म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि त्यांच्या जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर मोहिमेचे काही प्रकल्प. त्यातल्या ईमॅक्स या एडिटरला साधारण 15 ओळींपेक्षा मोठं काही द्यायचं असेल तर आजही हा कागद लागतो. जीएनयूच्याच जीसीसी आणि जीलिबसी या प्रकल्पांनी 2021 मध्ये ही सक्ती सैल केली. खरेदीखत म्हटलं की घाबरायला होतं, पण फाउंडेशनचा मसुदा बरा आहे. तुमचाच कोड तुम्हाला हवा तसा वापरायची मुभा ते परत देतात आणि कोड मुक्तच ठेवू असं वचनही देतात.

डीसीओ, म्हणजे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, हे प्रतिज्ञापत्र. तहसील कार्यालयात ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ असं लिहितो ना, तसं. यात तुम्ही कोणाला वेगळं काही देत नाही. हा माल कुठून आला आणि तो द्यायचा मला अधिकार आहे, एवढंच सांगता.

आणि चौथा प्रकार, कागदच नाही. हजारो लहान प्रकल्प असेच चालतात. माल ज्या परवान्याखाली बाहेर जातो त्याच परवान्याखाली आत येतो, असा साधा नियम. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या सेवाशर्तींतही हेच लिहिलेलं आहे. रेपोला परवाना असेल आणि वेगळा करार नसेल, तर तुमचं योगदान त्याच परवान्याखाली आलं असं धरलं जातं. कागद नाही म्हणून जबाबदारी नाही असं मात्र नाही. दुसऱ्याचा कोड दिलात तर तो चौथ्या प्रकारातही दुसऱ्याचाच राहतो.

आता ऑफर लेटर काढा

हा भाग लांबणार आहे, कारण खरा घोळ इथेच होतो.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कम्प्युटर प्रोग्रॅम हा ‘साहित्यकृती’ मानला जातो. कविता आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकाच खणात. लिहिणारा हा पहिला मालक, हा मूळ नियम. त्याला कलम 17 मध्ये अपवाद आहेत आणि आपल्यासाठी महत्त्वाचा अपवाद पोटकलम (सी)चा: नोकरीच्या करारात, नोकरीच्या कामाच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे ऑफिसच्या कामासाठी लिहिलेला कोड तुम्ही कंपनीला ‘देत’ नाही. तो जन्मल्या क्षणापासून कंपनीचाच असतो. त्यावर सीएलए सही करणं म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावरची वाट तिसऱ्याला लिहून देणं.

‘पण मी तर शनिवारी, घरी, माझ्या लॅपटॉपवर लिहिलं.’ कायद्यात ‘कामाच्या ओघात’ असे शब्द आहेत, त्यामुळे बँकेच्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्याने सुट्टीत लिहिलेला खेळ आपोआप कंपनीचा होत नाही. अडचण कायद्यापेक्षा ऑफर लेटरची असते. कंपन्या तिथे कायद्यापेक्षा लांब हात टाकतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कामगार कायद्याचं कलम 2870 आहे. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काही केलं तर ते कर्मचाऱ्याचंच, असं ते सांगतं. आपल्याकडे असं थेट कलम नाही. म्हणून अमेरिकेतल्या मित्राने ‘मी तर बिनधास्त करतो’ म्हटलं तरी त्याचा नियम पुण्यात किंवा नवी मुंबईत लागू धरू नका.

ऑफर लेटर, त्याला जोडलेला गोपनीयता करार आणि कर्मचारी पुस्तिका, या तिन्हींत पुढच्या गोष्टी शोधा:

- ‘नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व काही’ असे शब्द आहेत की ‘नोकरीच्या कामाशी संबंधित’ असे? पहिला प्रकार असेल तर शनिवारचा खेळही वादात येऊ शकतो.
- कंपनीची साधनं वापरून केलेलं ते कंपनीचं, असं लिहिलं आहे का? साधनांत लॅपटॉप येतो, व्हीपीएन येतो आणि ऑफिसने पैसे भरलेलं कोड लिहिणारं एआय टूलही येतं.
- बाहेरच्या कामाला आधी परवानगी हवी का? ही ओळ बहुधा मूनलाइटिंग (नोकरी करताना दुसरीकडची कमाई) थांबवायला घातलेली असते, पण बिनपैशाचं कामही तिच्या कचाट्यात सापडतं.
- रुजू होण्याआधीच्या स्वतःच्या कामांची यादी द्यायला जागा आहे का? असली तर ती कोरी सोडू नका. तुमचे जुने प्रकल्प तिथे नावानिशी लिहा. सगळे जण ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात आणि पुढे पस्तावतात.

सर्व्हिस कंपनीत असाल तर आणखी एक पदर आहे. तुम्ही लिहिलेला कोड बहुधा कंपनीकडेही राहत नाही, कंपनी आणि क्लायंट यांच्या करारानुसार तो क्लायंटचा होतो. क्लायंटच्या कामात एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीत बग सापडला, तुम्ही तो दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती मूळ प्रकल्पात पाठवावी असं वाटलं, तर तुमच्या मॅनेजरचं ‘हो’ पुरत नाही. क्लायंटचंही लागतं. हे ऐकून बरेच जण नाद सोडून देतात. तसं करू नका. उलट, दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली नाही तर प्रत्येक नव्या व्हर्जनला ती पुन्हा चिकटवावी लागते आणि त्याचा खर्च क्लायंटच्याच माथी. हा मुद्दा मॅनेजरसमोर मांडला की परवानगी लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे.

फ्रीलान्सरची गोष्ट उलटी. तुम्ही नोकर नाही, त्यामुळे करारात वेगळं नसेल तर मालक तुम्हीच. पण क्लायंटचा करार वाचा, तिथे मालकी लिहून घेतलेली असतेच.

कॉलेजचे विद्यार्थी म्हणतील, आम्हाला ऑफर लेटरच नाही. पण कित्येक संस्थांचं स्वतःचं बौद्धिक संपदा धोरण असतं. लॅबमधल्या प्रकल्पातून, फेलोशिपवर किंवा प्रायोजित संशोधनातून आलेला कोड असेल तर गाइडला विचारा. वसतिगृहात बसून पाठवलेल्या टायपो-दुरुस्तीसाठी कोणाला विचारायची गरज नाही.

परवानगी तोंडी नको

जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर ‘कर की, काय हरकत आहे’ म्हणाला, याला कागदावर किंमत शून्य. तो मॅनेजर वर्षभरात दुसरीकडे गेलेला असतो. मेल पाठवा, उत्तर येईपर्यंत थांबा. मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा असू द्या:

‘मी अमुक ओपन सोर्स प्रकल्पात, अमुक परवान्याखाली, योगदान देऊ इच्छितो. काम माझ्या वेळेत, माझ्या लॅपटॉपवर होईल. यात कंपनीचा किंवा क्लायंटचा कोड, माहिती वा कागदपत्रं वापरली जाणार नाहीत. प्रकल्पाचा योगदान-करार सोबत जोडला आहे. त्यातल्या कलमानुसार कंपनीची संमती आवश्यक आहे. या योगदानावर कंपनी हक्क सांगणार नाही, असं या मेलच्या उत्तरात कळवावं.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नुसतं ‘परवानगी आहे’ आणि ‘हक्क सांगणार नाही’ यांत फरक आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला तर असाइनमेंटबरोबर नोकरी देणाऱ्याकडून असं लेखी हक्कत्यागपत्र लागू शकतं. मेल मॅनेजर, एचआर आणि असल्यास लीगल, तिघांना पाठवा. उत्तराची पीडीएफ स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवण्याआधी कंपनीचं धोरण तसं करू देतं का ते पाहा. नाहीतर प्रत छापून घ्या.

कंपनी स्वतःच धोरण बनवायच्या तयारीत असेल तर गिटहबने 2017 मध्ये खुला केलेला कर्मचाऱ्यांशी करण्याचा संतुलित बौद्धिक संपदा करार दाखवा. त्यात कंपनीचा हक्क कंपनीच्या कामापुरता ठेवलेला आहे. स्वीकारतीलच असं नाही, पण बोलणी सुरू करायला कामी येतो.

आता सीएलए वाचा

मसुदे वेगवेगळे असले तरी पुष्कळांचं मूळ अपाचीच्या वैयक्तिक सीएलएत सापडतं. तो दोनेक पानांचा आहे, एकदा सबंध वाचला की बाकीचे पटकन समजतात.

पहिल्यांदा येतो कॉपीराइटचा परवाना. त्यात विशेषणांची माळ असते: कायमचा, जगभरचा, अनन्य नसलेला, विनामूल्य, रॉयल्टीविना, परत न घेता येणारा. वाचताना वकिली पाल्हाळ वाटतं. पण भारतीय कायद्यात यातल्या दोन शब्दांना प्रत्यक्ष काम आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार असाइनमेंटमध्ये मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत धरला जातो. कलम 30ए मुळे हेच नियम जुळवून घेऊन परवान्यांनाही लागतात. विचार करा, नागपूरच्या कोणी दिलेला पॅच पाच वर्षांनी बाद आणि नेपाळमध्ये तर पहिल्या दिवसापासूनच बेकायदा. ‘कायमचा’ आणि ‘जगभरचा’ हे शब्द ती पळवाट बुजवतात. तुम्ही स्वतःचा प्रकल्प चालवत असाल आणि सीएलए स्वतः लिहायची हौस असेल तर हे दोन शब्द विसरू नका. खरं तर हौसच करू नका, तयार मसुदा घ्या.

‘अनन्य नसलेला’, म्हणजे एकट्या प्रकल्पालाच दिलेला नाही असा, हा तुमच्या बाजूचा शब्द. तो आहे तोवर रान तुमचं. त्याच्या जागी ‘अनन्य’ दिसलं किंवा ‘हस्तांतरित करतो’ असं क्रियापद दिसलं, तर हा सीएलए नाही, खरेदीखत आहे, वर नाव काहीही असो.

मग पेटंटचा परवाना. ‘माझ्याकडे कुठलं पेटंट?’ असं म्हणून सगळे पुढे जातात. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3(के) निव्वळ कम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट देत नाही, हेही खरं. पण तुमच्या कंपनीची पेटंटं अमेरिकेत असू शकतात. टेलिकॉम, चिप किंवा व्हिडिओ क्षेत्रात काम करत असाल तर ही शक्यता चांगलीच आहे. हा परवाना तुमच्या योगदानाने, किंवा ते मूळ कामात मिसळल्याने, ज्या दाव्यांचा भंग होईल तेवढ्यापुरताच असतो. कंपनीच्या सगळ्या पेटंटांवर पाणी सोडलं जात नाही. लीगलचा माणूस घाबरला तर त्याला हे वाक्य दाखवा. त्याच कलमात उलटवारही आहे: योगदानावरून किंवा त्या कामावरून कोणी पेटंटचा खटला भरला तर त्याला मिळालेला पेटंट परवाना तिथेच संपतो.

त्यानंतर चौथं कलम, ज्यावर मी पाय घसरून पडलो. हे देण्याचा मला कायदेशीर हक्क आहे; माझ्या नोकरी देणाऱ्याचा माझ्या कामावर हक्क असेल तर मी परवानगी घेतली आहे, किंवा त्याने हक्क सोडला आहे, किंवा त्याने कंपनीचा सीएलए दिला आहे. तीनपैकी एक तरी खरं हवं. मघाची मेल इथे उपयोगी पडते.

पाचव्यात, हे मूळ माझं काम आहे. सातव्यात, दुसऱ्याचं काम आणायचं असेल तर ते वेगळं, स्रोत आणि परवाना सांगून, ठळक खूण करून द्यायचं. आठव्यात, पुढे यातलं काही खोटं ठरणारं लक्षात आलं तर कळवायचं. मधलं सहावं दिलासा देणारं आहे: कोड जसा आहे तसा दिला, सपोर्ट द्यायला तुम्ही बांधील नाही, हमी नाही. नवख्यांना सर्वांत जास्त भीती ‘माझ्या कोडने कुठे काही बंद पडलं तर?’ ही असते आणि तिचं उत्तर इथे आहे.

सहीची पद्धत प्रकल्पागणिक बदलते. गूगलकडे ऑनलाइन फॉर्म. मायक्रोसॉफ्टच्या रेपोत बॉटला उद्देशून ‘ॲग्री’ अशी कॉमेंट टाकायची आणि कंपनीच्या वतीने देत असाल तर त्यातच कंपनीचं नाव लिहायचं. हे नाव विचार न करता टाकू नका, कारण त्याचा अर्थ कंपनीची परवानगी आहे असा होतो. कुबर्नेटिससाठी लिनक्स फाउंडेशनचं ईझीसीएलए हे ऑनलाइन साधन. अपाची प्रत्येक लहान पॅचला सीएलए मागत नाही, कमिटर (थेट कोड बदलायचा हक्क असलेला) होताना मागतं. बटण दाबून केलेल्या करारालाही आपल्या 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10ए मान्यता देतं, म्हणजे ‘ती काय खरी सही होती का’ हा बचाव चालत नाही.

डीसीओ: सगळा खेळ एका ओळीचा

2003 च्या मार्चमध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा माल लिनक्समध्ये घुसवला, असा दावा होता. कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. लिनक्स कर्नलवाल्यांना कळलं ते हे की कुठली ओळ कोणाच्या हातून आली याचा माग ठेवायला हवा. 2004 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने डीसीओ आणलं. करारांचे गठ्ठे नाहीत, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसारखं बोस्टनला पोस्ट नाही, प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’, पुढे नाव आणि ईमेल. गिटलॅबनेही 2017 मध्ये सीएलए सोडून हाच रस्ता धरला.

त्या एका ओळीने तुम्ही चार गोष्टी सांगता. हे मी लिहिलं आणि ते या परवान्याखाली द्यायचा मला हक्क आहे. किंवा हे आधीच्या मुक्त कामावर उभं आहे आणि त्याचा परवाना मला असं करू देतो. किंवा हे मला अशाच शपथेवर दुसऱ्याने दिलं आणि मी ते बदललेलं नाही. आणि चौथी, जी कोणी वाचत नाही: हे योगदान आणि माझी ओळख सार्वजनिक राहील आणि नोंद कायमची राहील. कमिटमधला ईमेल मागे घेता येत नाही. म्हणून वीस वर्षं टिकेल असा स्वतःचा पत्ता वापरा, ऑफिसचा किंवा कॉलेजचा नको. कर्नलमध्ये पूर्वी खरंच नाव हवं, टोपणनाव नको, असा नियम होता. 2023 मध्ये तो ‘लोकांना माहीत असलेली ओळख’ असा सैल झाला. निनावी मात्र अजूनही चालत नाही.

करायचं कसं? गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिगमध्ये यूजर नेम आणि यूजर ईमेल आधी नीट भरा. मग ‘गिट कमिट’ला ‘-एस’ जोडा, इंग्रजीतला लहान एस. मोठा एस जोडलात तर जीपीजीची डिजिटल सही होते, ती वेगळी गोष्ट आहे आणि डीसीओचा बॉट तिने समाधानी होत नाही. या एका अक्षरापायी लोकांच्या संध्याकाळी गेलेल्या पाहिल्या आहेत. विसरलात तर शेवटच्या कमिटला ‘अमेंड’ करून पुन्हा लहान एस. पाच-सहा कमिट झाले असतील तर ‘गिट रिबेस’ला ‘साइनऑफ’चा पर्याय द्या आणि फोर्स पुश करा. कमिटचा लेखक आणि सही करणारा यांचा ईमेल जुळायला हवा, नाहीतर फुली तशीच.

दुसऱ्याच्या वतीने साइन-ऑफ करू नका. मित्राचा कमिट असेल तर त्याची ओळ त्यानेच लिहायची.

कंपनीने स्वतः सही करायची असेल तर

कंपनीच्या कामाचा भाग म्हणून योगदान देणार असाल तर कॉर्पोरेट सीएलए लागतो. त्यावर तुमचा टीम लीड सही करू शकत नाही, कंपनीला बांधून घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती हवी. त्याला कर्मचाऱ्यांची यादी जोडलेली असते आणि तुमचं नाव त्यात येईपर्यंत फुली जात नाही. कुबर्नेटिसमध्ये कंपनीचा नेमलेला सीएलए मॅनेजर हे नाव घालतो. मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा सही आधीच झालेली असते आणि तो मॅनेजर कोण हे कोणालाच ठाऊक नसतं, तेव्हा नवा कागद मागण्याआधी चौकशी करा. नाव घातल्यावरही फुली राहिली तर पुल रिक्वेस्टवर ‘/ईझीसीएलए’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाका, बॉट पुन्हा तपासतो. अपाचीत कंपनीने सही केली तरी तुमची वैयक्तिक सही वेगळी लागतेच.

सही करावी का?

आतापर्यंत मी ‘कशी’ सांगितलं. ‘करावी का’ हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे.

सीएलए कोणाच्या नावाने आहे ते बघा. फाउंडेशनच्या नावाने असेल तर मी फार विचार करत नाही. एका कंपनीच्या नावाने असेल तर करतो, कारण तिथे तुम्ही अशी ताकद देता जी तुम्हाला परत मिळत नाही. प्रकल्पाचा परवाना बदलायची ताकद. तुम्हाला कंपनीचा कोड मिळतो तो मुक्त परवान्याच्या अटींवर. कंपनीला तुमचा कोड मिळतो जवळपास विनाअट. इलॅस्टिक या सर्च सॉफ्टवेअरच्या कंपनीने जानेवारी 2021 मध्ये अपाची परवाना सोडला, त्यातून ओपनसर्च हा मुक्त प्रकल्प फुटून निघाला. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये टेराफॉर्म हे आपलं साधन बिझनेस सोर्स लायसन्स या बंधनांच्या परवान्याखाली नेलं, त्यातून ओपनटोफू. दोन्हीकडे बाहेरच्या लोकांनी सीएलएवर सह्या केलेल्या होत्या. कायद्याने सगळं रीतसर. इलॅस्टिकने 2024 मध्ये एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय आणला, ते वेगळं.

याउलट लिनक्स कर्नल. हजारो लोकांची मालकी, कोणाचंही खरेदीखत नाही, त्यामुळे परवाना बदलायचा म्हटलं तर हजारोंची संमती हवी. एकत्र कुटुंबाच्या जमिनीसारखं. विकायला निघालं की एक तरी चुलता आडवा येतोच. इथे तो चुलता हेच संरक्षण आहे.

पण सगळा दोष सीएलएच्या माथी मारणंही बरोबर नाही. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने 2024 च्या मार्चमध्ये परवाना बदलला आणि मूळ परवाना बीएसडी होता. एवढ्या सैल परवान्यात सीएलए नसला तरी कंपनीला पुढचा माल बंद करता येतो. तेव्हा परवाना आणि करार ही जोडी एकत्र वाचा. जीपीएल (बदललेला कोड वाटलात तर तोही मुक्तच ठेवा, अशी अट असलेला परवाना) आणि कंपनीचा सीएलए ही जोडी दिसली तर थांबून विचार करा, कारण तिथे सगळ्यांना जीपीएलची अट आणि एकट्या त्या कंपनीला सूट असते. तीन ओळींची दुरुस्ती असेल तर द्या आणि विसरा. सहा महिन्यांचं मॉड्यूल असेल तर दहादा विचार करा.

बाहेरून आणलेला माल

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचं उत्तर सीसी बाय-एसए परवान्याखाली (मूळ लेखकाचं नाव द्या, त्याच परवान्याखाली वाटा) असतं. ते उचलून एमआयटी किंवा अपाची परवान्याच्या प्रकल्पात टाकलं की ‘मूळ माझं काम’ हे वाक्य खोटं होतं. कल्पना समजून घ्या, टॅब बंद करा, स्वतः लिहा.

एआयने लिहिलेल्या कोडबद्दल प्रकल्पागणिक नियम वेगळे आहेत. जेंटू या लिनक्सच्या प्रकाराने 2024 मध्ये त्याला बंदी घातली. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने त्याच वर्षी असा कोड संशयित मानून आधी परवानगी घ्यायला सांगितलं. आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूने 2025 मध्ये नाही म्हटलं आणि कारण नेमकं डीसीओचंच दिलं: ज्याचा उगम माहीत नाही त्यावर प्रतिज्ञापत्र कसं करायचं? बाकी बरेच ठिकाणी चालतं, पण सांगावं लागतं. कॉन्ट्रिब्युटिंग फाइल बघा. नसेल लिहिलं तर पुल रिक्वेस्टमध्ये स्वतःहून लिहा.

मराठी भाषांतर करणाऱ्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असं समजू नये. भाषांतर हीसुद्धा कॉपीराइट असलेली कृती आहे. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये योगदान देणाऱ्याकडून एक मेल मागतात, की माझी मागची-पुढची सगळी योगदानं एमपीएल आणि एलजीपीएल या दुहेरी परवान्याखाली वापरावीत. दोन मिनिटांचं काम. शब्द शोधताना छापील शब्दकोशातून व्याख्याच्या व्याख्या उचलू नका. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या 1857 च्या आवृत्तीवर मात्र आता कोणाचा हक्क नाही, ती खुशाल वापरा.

अठरा पूर्ण नसतील तर

1872 च्या करार कायद्याचं कलम 11 ‘अज्ञाना’ला, म्हणजे 18 पूर्ण नसलेल्याला, करार करू देत नाही आणि 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, मोहोरी बीबीच्या खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. म्हणजे अकरावीतल्या मुलाने सीएलएवर केलेली सही कागदावर शाई. खोटी जन्मतारीख टाकू नका. मेंटेनरला सरळ सांगा. काही ठिकाणी पालकांच्या सहीची सोय असते, काही ठिकाणी बग शोधणं, चाचणी करणं, प्रश्नांना उत्तरं देणं अशी कामं सीएलएविना करता येतात. गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्सच्या उपक्रमालाही 18 पूर्ण लागतात.

सही झाल्यावर

एक फोल्डर करा. सही केलेल्या दिवशी सीएलएची जी आवृत्ती होती तिची प्रत, तारीख, वापरलेला ईमेल, कंपनीच्या होकाराची प्रत. मसुदे बदलतात, वेबपानं हलतात.

नोकरी बदलली की जुन्या कंपनीच्या यादीतून नाव काढलं गेलं का ते विचारा, गिटचा ईमेल तपासा आणि नव्या ऑफर लेटरच्या ‘आधीची कामं’ या रकान्यात सगळे प्रकल्प लिहा. जुन्या कंपनीचा होकार नव्या कंपनीला लागू होत नाही, मेल पुन्हा नव्याने पाठवावी लागते.

आणि चूक आधीच झाली असेल तर? मी काय केलं ते सांगतो. मेंटेनरला लिहिलं की या तीन ओळींचा हक्क माझ्याकडे नव्हता, कंपनीशी बोलणं चालू आहे. अर्ध्या तासात उत्तर आलं. त्यांनी कमिट मागे घेतला, ज्याने माझे बदल पाहिले नव्हते अशा दुसऱ्या एकाने तीच दुरुस्ती नव्याने लिहिली, दोन ओळींत. माझ्यापेक्षा चांगली.